हाताची घडी, तोंडावर बोट: मराठवाड्यातल्या बालविकास प्रकल्प अधिकारी, मुख्यसेविका आणि केंद्रप्रमुखांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. नोकरीला २२ वर्षं झाली. शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे; मधे एक लिंब आणि एक हातपंप, एवढंच अंतर. तिथली मुलं काय बोलतात, कधी भांडतात, कधी गप्प होतात, हे मला फळ्यापाशी उभं राहून ऐकू येतं. जून आला की त्यांतलीच मुलं माझ्या वर्गात येऊन बसतात. तुम्ही अंगणवाड्यांना आणि शाळांना भेटी देता, रजिस्टरात शेरा लिहिता, आणि त्या शेऱ्यावर आमचे पुढचे कित्येक महिने ठरतात. म्हणून हे पत्र तुम्हाला. विषय एकच: लहान मुलाचं बोलणं आणि त्याचं स्वतःला आवरणं यांचं नातं.

जानेवारीतली गोष्ट आहे. मधल्या सुट्टीत मी हातपंपावर पाणी भरायला गेले होते. अंगणवाडीच्या ओट्यावर साडेपाच वर्षांची एक मुलगी एकटीच खेळत बसली होती. तीन दगडांची चूल, वर करवंटी, करवंटीत माती आणि लिंबाचा पाला. ती स्वतःशीच बोलत होती. "आता पानी टाकायचं. थांब, उकळू दे. आजून नाय उकळलं. हात नाय लावायचा, भाजतंय." बोलता बोलता तिचा हात करवंटीकडे गेला, "हात नाय लावायचा" हे शब्द तिच्याच तोंडून पुन्हा आले, आणि हात मागे आला. शेजारी कुणी नव्हतं. तिला कुणी दटावलं नव्हतं. तिच्या हाताला तिच्याच शब्दानं अडवलं होतं. माझी घागर भरून वाहायला लागली तरी मी बघत उभी होते.

थोड्या वेळानं जीप आली. आलेल्या वरिष्ठांचं नाव मी लिहिणार नाही, आणि राग धरूनही लिहीत नाही. मुलं गलका करत होती. सेविकाताईंनी घाईघाईनं सगळ्यांना ओळीत बसवलं. हाताची घडी, तोंडावर बोट. तीस मुलं चिडीचूप. मग एकाला उभं करून ए बी सी डी म्हणायला लावलं, दुसऱ्याला शंभरपर्यंत आकडे. दोघांनीही धडाधड म्हणून दाखवलं, शाबासकी मिळाली. निघताना ओट्यावरचे दगड-करवंट्या बघून रजिस्टरात शेरा पडला की परिसरात पसारा आहे, मुलांना शिस्त लावावी. दुसऱ्या दिवसापासून ओटा स्वच्छ. चूल गेली, करवंटी गेली, आणि ती मुलगी जे बोलत होती तेही गेलं.

तिचं ते पुटपुटणं काय होतं, हे मला डी.एड.ला असताना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पुढे एका प्रशिक्षणात लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं ऐकलं. हा माणूस १९३४ साली अवघ्या ३७ व्या वर्षी गेला, पण लहान मुलांच्या बोलण्याकडे त्याच्याइतकं कान देऊन फार थोड्यांनी पाहिलं आहे. त्याचं म्हणणं असं की आधी आई-बाप मुलाला शब्दांनी सांगतात, "थांब", "हळू", "आधी हे, मग ते". मग मूल तेच शब्द मोठ्यानं स्वतःला सांगायला लागतं. हळूहळू आवाज बारीक होत जातो, ओठ नुसते हलतात, आणि शेवटी ते बोलणं आत जातं. तेव्हा आपण म्हणतो, पोरगं विचार करायला लागलं. म्हणजे स्वतःला आवरणं आणि भाषा येणं या दोन वेगळ्या इयत्ता नाहीत. ज्या वयात मूल तोंडानं मोठ्यानं बोलूनच स्वतःला आवरू शकतं, नेमक्या त्या वयात आपण त्याच्या तोंडावर बोट ठेवायला लावतो.

मीही हे केलं आहे. पहिली दहा वर्षं माझा वर्ग केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, सगळ्यात शांत म्हणून ओळखला जायचा, आणि मला त्याचा अभिमान होता. पण मी दाखला लिहायला दोन मिनिटं ऑफिसात गेले की वर्गाचा बाजार व्हायचा. ती शांतता माझ्या डोळ्यांत होती, मुलांमध्ये नव्हती. डोळे बाहेर गेले की तीही जायची. हे उमगायला मला फार वेळ लागला आणि त्या दहा वर्षांतल्या मुलांची मला आजही चुटपुट लागते.

तुम्ही विचाराल, मग आवरायला शिकवायचं कसं? त्याचं साधन आपल्याच गल्लीत आहे. "चिमणी उड" हा खेळ तुम्ही सगळ्यांनी खेळलेला आहे. सगळ्यांचं बोट जमिनीवर. "चिमणी उड" म्हटलं की बोट वर, "कावळा उड" म्हटलं की वर, आणि "म्हैस उड" म्हटलं की बोट जागच्या जागी. अंगणवाडीतल्या तीन वर्षांच्या मुलांबरोबर हा खेळून बघा. म्हैस म्हटलं तरी सगळी बोटं वर जातात. "म्हैस उडती का रे?" विचारलं की सगळे ओरडतात, "नाऽय!" आणि बोट अजून वरच असतं. त्यांना माहीत आहे, पण माहितीचा आणि हाताचा अजून मेळ बसलेला नाही. कॅनडातले फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात चित्रांच्या पत्त्यांवर हेच पाहिलं. आधी रंगाप्रमाणे पत्ते लावायला सांगितले, मग मधेच नियम बदलून आकाराप्रमाणे लावायला सांगितले. तीन वर्षांची मुलं नवा नियम तोंडानं बरोबर सांगत होती, पण हात जुन्याच नियमानं चालत होता. पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना ते जमायला लागतं. म्हणजे तीन वर्षांचं मूल ऐकत नाही तेव्हा ते उद्धट नसतं. त्याला या दोन वर्षांत रोज थोडा सराव लागतो, आणि हा सराव खेळातच होतो.

जाता जाता एक सांगते. आपण चुकलेल्या मुलाला "बाद" करतो. या वयात ते करू नये. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तेच पहिल्या फेरीत बाहेर जाऊन बसतं.

आता त्या अंगणवाडीतल्याच एका मुलाची गोष्ट. चार वर्षांचा, अंगानं दणकट, शब्द थोडे. काही हवं असलं की चावायचा. एकदा दुसऱ्याच्या हातातल्या डब्यासाठी त्यानं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी असते तर दोन धपाटे घातले असते. सेविकाताई त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या, त्याचं मनगट हलकंच धरलं आणि म्हणाल्या, "डबा पायजे होता व्हय तुला? मग दाताला कशाला सांगितलं? तोंडाला सांग. 'मला दे' म्हण." तो काही बोलला नाही. पुढचे पंधरा दिवस ताई रोज हेच करत राहिल्या. राग आला की त्याला रागाचं नाव सांगायच्या, हवं असलं की मागायचं वाक्य द्यायच्या. एका दुपारी मला खिडकीतून दिसलं, तो मूठ उगारून एका मुलासमोर उभा होता. चेहरा लाल. आणि तो ओरडला, "मला राग यायलाय!" मूठ तशीच वर होती, पण खाली आली नाही. समोरचा मुलगा घाबरून डबा देऊन पळाला, ते सोडा. मला त्या वरच थांबलेल्या आणि खाली न आलेल्या मुठीचं महत्त्व वाटतं.

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरीब घरांतल्या मुलांना १४, २४ आणि ३६ महिन्यांच्या वयात पाहिलं होतं. ज्यांच्याकडे शब्द जास्त, त्यांना स्वतःला आवरणंही जास्त जमत होतं, आणि हा फरक मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये ठळक होता. आपल्याकडे मुलगा दांडगट असला की "पोराची जातच तशी" म्हणून सोडून देतात. त्याला शब्द द्यायला कुणी बसत नाही.

शब्द कोणते द्यायचे, हा पुढचा प्रश्न. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पान्यात दगड बुडतो अन् लाकूड कामून नाय बुडत?" एवढा सुंदर प्रश्न! आणि मी काय म्हणाले? "कामून नाही, का म्हणायचं." ती खाली बसली. त्यानंतर दिवाळीपर्यंत तिनं एकही प्रश्न विचारला नाही. मी तिचा शब्द दुरुस्त केला आणि प्रश्न घालवला. प्रमाण मराठी शिकवायची आहेच, ती माझी जबाबदारी आहे, पण "कामून" म्हणणाऱ्या तोंडाला आधी उत्तर मिळालं पाहिजे. बंजारा तांड्यावरच्या मुलाला रडताना "याडी", म्हणजे आई, आठवते, देगलूर-बिलोलीकडे मुलं घरी तेलुगू बोलतात, उमरग्याकडे कन्नड, आणि आमच्या गावाच्या एका गल्लीत उर्दू. मूल ज्या भाषेत रडतं, त्याच भाषेत ते स्वतःला समजावतं. ती भाषा अंगणवाडीच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायला लावली तर आतमध्ये ते स्वतःशी काय बोलणार? २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्हीही घरच्या भाषेवर भर देतात. म्हणजे मी काही वेगळं मागत नाही.

आता वाचनाकडे येते, कारण तुम्हाला वरून विचारलं जातं ते वाचनाबद्दल. निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं आणि २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मूल तिसरी संपेपर्यंत समजून वाचू लागलं पाहिजे, असं उद्दिष्ट आहे. मी त्याच्या पूर्ण बाजूची आहे. पण वाचन म्हणजे बाराखडी पाठ, असा समज खालपर्यंत गेला आहे. बाराखडी सूर लावून म्हणणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात. "क का कि की" झोकात म्हणतात. मग मी फळ्यावर नुसतं "पिशवी" लिहिते आणि खरी परीक्षा सुरू होते.

"पि" या अक्षराकडे पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी बघा. डावीकडून वाचायचं असं आपणच त्याला सांगितलंय. डावीकडे पहिली दिसते वेलांटी. पण तिचा उच्चार आधी करायचा नाही. ती मनात धरून ठेवायची, पुढचा प म्हणायचा, आणि मग तिला सोडायची. दिसलं एक, थांबायचं, म्हणायचं दुसरं. पुढे "सूर्य" आला की आणखी कठीण: र डोक्यावर बसलाय तो य च्या, पण म्हणायचा य च्या आधी. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटीला मूल एक छोटंसं "म्हैस उड" खेळत असतं. ज्याला थांबायचा सराव आहे ते इथं तरतं. ज्यानं फक्त सुरात म्हणायचा सराव केलाय ते पहिलं दिसेल ते बोलून मोकळं होतं, आणि आपण त्याला "लक्ष नाही" म्हणतो. लक्ष धरून ठेवण्याचा हा सराव अंगणवाडीत खेळातून व्हायला हवा होता, तेव्हा आपण त्याला शंभरपर्यंत आकडे म्हणायला बसवलं होतं.

गोष्टीचंही तसंच आहे. काऊ-चिऊची गोष्ट मुलं शंभर वेळा ऐकतात. काऊ दार ठोठावतो, चिऊ म्हणते, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." पुन्हा दार, पुन्हा "थांब". पुढचा "थांब" कधी येणार हे मुलांना ठाऊक असतं. ती ओठ दाबून वाट बघत बसतात आणि नेमक्या जागी सगळी मिळून म्हणतात. कुणी सांगितलेलं नसताना तीस मुलं एका शब्दासाठी थांबलेली मी पाहिली आहेत. तेवढं स्थिर बसणं तोंडावरच्या बोटानं मला कधीच जमवता आलं नाही.

ऊसतोडीच्या मुलांबद्दल लिहिलं नाही तर आमच्या भागातून लिहिलेल्या पत्राला अर्थ नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. सहा वर्षांखालची मुलं बहुतेक आईबरोबरच जातात. मार्च-एप्रिलला परत येतात तेव्हा आपण म्हणतो, पोरं मागं पडली. दोन वर्षांपूर्वी असा एक मुलगा माझ्या वर्गात आला. महिनाभर तोंड उघडलं नाही. भिंतीवरच्या तक्त्यावर "अ अननसाचा"; त्यानं अननस कुठं पाहिला असणार? एक दिवस मी फळ्यावर उसानं भरलेली ट्रॉली काढली. तो उठून फळ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, मोळ्या अशा नाय लावत." मग वाढं कशाला म्हणतात, पाचट कसं पेटतं, राहायची कोपी कशी बांधतात, आई पहाटे कधी उठते, गाडी आली की कसं पळायचं, सगळं सांगितलं. त्याच्याकडे शब्दांचा तुटवडा नव्हता. आमच्या तक्त्यात त्याच्या शब्दांना जागा नव्हती. त्या दिवशी आम्ही "म" शिकलो तो मोळीचा.

आणि धीराबद्दल एक गोष्ट, कारण या मुलांना "हावरट" म्हटलेलं मी बैठकीतसुद्धा ऐकलंय. अमेरिकेतला एक जुना प्रयोग तुम्ही प्रशिक्षणात ऐकला असेल. वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी मुलांपुढे गोड खाऊ ठेवला आणि सांगितलं, थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात जास्त यशस्वी झाली, असं पुष्कळ सांगितलं गेलं. २०१८ साली जास्त मुलांवर आणि वेगवेगळ्या थरांतल्या घरांवर हाच विषय पुन्हा तपासला, तेव्हा तो परिणाम बराच लहान निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्यातलाही मोठा भाग गळून पडला. मला यात नवल वाटलं नाही. ज्या मुलाला सकाळी सांगितलं "संध्याकाळी आणते" आणि संध्याकाळी आई फडावरून परतलीच रात्री नऊला, त्यानं समोरची चिक्की आत्ताच का खाऊ नये? त्याला थांबायला शिकवायचं असेल तर आधी आपण दिलेला शब्द पाळला पाहिजे. "खिचडीनंतर गोष्ट" म्हटलं तर खिचडीनंतर गोष्ट झालीच पाहिजे, मग त्या वेळी कुणीही भेटीला येवो.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही. रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल दिला की ते गप्प होतं, पण आपलं आपण शांत कसं व्हायचं ही त्या दिवशीची शिकवणी बुडते. पालकांच्या सभेत मी एवढंच सांगते.

अधिकाऱ्यांनो, मला तुमच्याही अडचणी ठाऊक आहेत. एका मुख्यसेविकेकडे किती अंगणवाड्या, किती प्रवास, किती अहवाल. सेविकेकडे तर वजन-उंची, टीएचआर म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं वाटप, पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर रोजची नोंद, चेहरा ओळख पटेपर्यंत हातात धरून ठेवलेला फोन, वर निवडणुकीचं काम. एवढ्यातून उरलेल्या वेळात तिनं तीस मुलांशी बोलायचं. त्यात गावातून तालुक्याला जाणारी पिवळी व्हॅन रोज सकाळी दारासमोरून जाते, आणि आई-बाप तिला विचारतात, "ताई, तुमच्याकडं ए बी सी डी कधी घेणार?" तिला पट टिकवायचा असतो. म्हणून ती घाबरून पाट्या काढते आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला रेघा ओढायला बसवते. तिच्या पाठीशी तुमचा शेरा उभा राहिला तरच ती पालकांना सांगू शकेल की भातुकली हाच अभ्यास आहे.

हे काही परदेशातून आणायचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर दगड, पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन बालशिक्षण उभं केलं. आपल्या राज्यातच हे झालंय. आमच्या ओट्यावरची करवंटी त्याच घरातली आहे. तिला पसारा म्हणू नका.

म्हणून पुढच्या भेटीला माझी विनंती अशी. जीपमधून उतरल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काही विचारू नका. खुर्ची मागवू नका, खाली सतरंजीवर बसा. सेविकेला मुलांना ओळीत बसवू देऊ नका. मग नुसतं ऐका. किती मुलं स्वतःहून बोलतात, कोण कुणाला काय मागतं, भांडण झालं तर हात आधी उठतो की शब्द, एखादं मूल खेळता खेळता स्वतःशी पुटपुटतं का, आणि घरची बोली वर्गात ऐकू येते का. निघताना रजिस्टरात ते लिहा. "मुलं शांत होती" असं लिहिण्याऐवजी एका मुलाचं तुम्ही ऐकलेलं एक वाक्य जसंच्या तसं लिहा. कामून, नाय, यायलाय, जे असेल ते. एवढा एक शेरा फिरला तर माझ्या जूनच्या वर्गात फरक पडेल, हे मी २२ वर्षांच्या अनुभवावरून सांगते. केंद्रप्रमुखांना वेगळं सांगायला नको. माझ्या वर्गात आलात तरी हेच करा. आवाज असेल, तो सहन करा.

आणि स्थलांतराहून परतलेल्या मुलांसाठी एप्रिलमध्ये अंगणवाडी आणि पहिली यांनी मिळून आठवडाभर फक्त बोलण्याचा वेळ ठेवावा, अशी परवानगी द्या. पैसे लागणार नाहीत. तक्त्याच्या मागची कोरी बाजू पुरेल; त्यावर मुलं सांगतील ती चित्रं मी काढीन आणि त्यांचे शब्द खाली लिहीन.

ती करवंटीवाली मुलगी येत्या जूनला माझ्या वर्गात येणार आहे. तिच्यासाठी मी तीन दगड वर्गाच्या कोपऱ्यात आणून ठेवले आहेत. तुम्ही आलात की ते तिथंच असतील.

आपली,
पहिलीच्या वर्गाची एक शिक्षिका
बीड जिल्हा